जिभेला न चिकटणारी खापरी

"भोकातून पडल्या म्हणजे काय?" साचेवालीनं विचारलं.

"पडल्या म्हणजे पडल्या. आता काय गाऊन दाखवू?" नणंदेनं हातातली जड पिशवी टेबलावर आपटली. "तो कचेरीच्या खिडकीतला कारकून एकेक खापरी उचलतो आणि पितळी पट्टीतल्या भोकावर ठेवतो. भोकावर अडली तर खरी. खाली गेली तर खोटी. माझ्या गेल्या. टपटप टपटप, शेळीच्या लेंड्या पडाव्यात तशा."

"सगळ्या?"

"नऊ लाल होत्या, तेवढ्या अडल्या. काळ्या सगळ्या पडल्या. मला म्हणतो, बाई, एवढ्या खोट्या आणल्या कुठून? मागं रांग उभी, सगळ्यांचे कान इकडं. मी म्हटलं, कोंबडी ठेवलीय घरी, तीच घालते."

साचेवालीनं पिशवीत हात घातला, मूठभर खापऱ्या टेबलावर पसरल्या, त्यांतली एक उचलून नखानं टिचकी मारली. खणकन आवाज आला. मग एकेकीच्या कडेवरून तिनं अंगठा फिरवला. कडेला एका जागी बारीकसा उंचवटा लागतो, तांदळाच्या कणीएवढा. तिच्या साच्याला तिथं खाच पडली होती. म्हणजे पिशवीतली एकूण एक खापरी तिनंच दाबलेली.

"वन्सं, या खोट्या नाहीत."

"ते मला काय सांगतेस? भोकाला सांग." नणंद बाकड्यावर टेकली. "उद्यापासून तो हातोडा घेऊन बसणारे म्हणे. पडलेली खापरी तिथंच फोडायची, परत बाजारात फिरायला नको. मी पिशवी हिसकून घेतली म्हणून या वाचल्या. परवा संध्याकाळी खापऱ्या बदलून द्यायची खिडकी बंद. मग ही माझी इस्टेट उंदराच्या बिळात कोंबायला कामाची."

खाटेवर पाठीला उशी लावून बसलेल्या साचेवालीच्या नवऱ्यानं चाकू घासायचा थांबवला. "तुझे दात?"

"दातवाल्याच्या कपाटात, दादा. काचेमागून माझ्याकडं बघून हसतायत."

नणंद लोकांची धुणी धुते. तोंडात वर एक आणि खाली दोन, एवढेच दात उरलेले. सहा वर्षं पाव पाण्यात भिजवून खातेय. दोन वर्षं खापरीवर खापरी टाकून तिनं कवळीपुरते पैसे जमवले, दातवाल्यानं तिला मेणात चावायला लावून माप काढलं, कवळी करून ठेवली. आणि आता हे.

साचेवाली खापऱ्या पुन्हा पिशवीत भरायला लागली. या खापऱ्या भोकातून का पडतात ते तिला ठाऊक होतं. गावात ते ठाऊक असणारी माणसं दोनच, ती आणि कारखान्याचा मुकादम.

खापरी म्हणजे काय ते सांगायला हवं. लढाई कुठं तरी लांब चालली होती, पण आमच्या गावातलं सुट्टं तिनं पहिल्या घासात गिळलं. पितळ, तांबं, जस्त, जे वितळतं ते सगळं तोफखान्याकडं गेलं. नोटा होत्या, पण अर्ध्या पावाला नोट कोण मोडणार? मग ज्याला जे सुचलं त्यानं ते चालवलं. चांभारानं चामड्याच्या चकत्या कापून त्यावर शिक्का मारला. त्या खिशात घामानं वाकल्या, आणि एका बाईच्या आठवड्याच्या चकत्या कुत्र्यानं चावून खाल्ल्या. कचेरीनं पुठ्ठ्याचे गोल काढले. मासेवालीच्या ओल्या हातात दुपारपर्यंत त्यांचा लगदा झाला. सुताराच्या लाकडी चकत्या पावसाळ्यात फुगून एकमेकींना चिकटल्या. पाववाला तर सुट्ट्याऐवजी कडक बिस्किटंच द्यायला लागला. त्याच्या गल्ल्यात उंदरांनी संसार थाटला.

शेवटी कचेरीतलं कोणी तरी कौलांच्या कारखान्यात आलं. भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही, कुत्रं खात नाही, आणि तोफखान्याला तिचा काही उपयोग नाही. ठरलं. कौलाच्या मातीचे, बोटभर रुंदीचे गोल. एका बाजूला धुराडं, दुसऱ्या बाजूला आकडा. कागदावर त्याचं नाव भलंमोठं होतं, लोकांनी पहिल्याच दिवशी त्याची खापरी केली.

साच्यावर कोणाला बसवायचं याची फार चर्चा झाली नाही. साचेवाली चौदाव्या वर्षापासून कारखान्यात. आधी ओल्या कौलांच्या फळ्या वाहिल्या, मग कौलांच्या कडा तासल्या, मग आढ्यावरची, कोन्याची कौलं दाबायच्या साच्यावर आली. माती साच्यातून सोडवताना कड मुरडू द्यायची नाही, ही अक्कल हातात असते, सांगून येत नाही. साच्याला राख लावायची, मातीची गोळी ठेवायची, दांडा ओढायचा, सोडायचा, तारेनं जादा माती कापायची आणि ओली खापरी अलगद फळीवर उतरवायची. दिवसाला हजार-बाराशे. तिचा उजवा दंड डाव्यापेक्षा दीडपट जाड झाला. नवरा म्हणायचा, हिच्याशी भांडायचं तर डावीकडं उभं राहून.

भाजून आलेल्या खापऱ्या तीच तपासायची. भट्टीच्या दाराशी काळा सपाट दगड होता, त्यावर एकेक खापरी टाकायची. खणकन वाजली तर टोपलीत, भद्द वाजली तर ढिगावर. भद्द म्हणजे आत तडा, किंवा कच्ची. ओरडून सांगायला लागायचं नाही, तिच्या हाताचा वेग बघूनच भट्टीवाल्यांना कळायचं की आज भट्टी कशी लागली.

आणि आता ती गोष्ट. लढाईच्या दुसऱ्या थंडीत कचेरीचा निरोप आला, आठ हजार खापऱ्या दोन आठवड्यांत हव्यात. दाबून, वाळवून झाल्या, पण भट्टी आधीच सांडपाण्याच्या नळांनी गच्च भरलेली. मोकळी जागा एकच, आगीच्या तोंडासमोरची रांग. तिथं कोणी काही ठेवत नाही. आचेचा तडाखा पहिला तिथं बसतो, म्हणून तिथं फुटक्या विटांचा आडोसा रचतात. मुकादमाला विचारावं, तर मुकादम आला नव्हता. तिनं विटा काढल्या आणि खापऱ्यांच्या थाळ्या तिथं लावल्या.

मातीचा धर्म असा, की ती वाळताना आकसते आणि भाजताना पुन्हा आकसते. जेवढी आच जास्त तेवढी जास्त. भट्टी उघडली तेव्हा आठ हजार खापऱ्या लाल नव्हत्याच, जळक्या वांग्याच्या रंगाच्या झाल्या होत्या. आणि लाल खापरीहून नखाच्या जाडीएवढ्या लहान. तिनं त्या दगडावर टाकल्या. लाल खापरी खणकन वाजते, या काचेसारख्या वाजल्या. एकही भद्द नाही. तिनं क्षणभर विचार केला आणि सगळ्या टोपलीत भरल्या.

बाजारात कोणी हूं की चूं केलं नाही. उलट लोक काळ्याच मागायला लागले. लाल खापरीचा खिशात टवका उडतो, किल्लीशेजारी ठेवली तर आठवड्यात कड जाते. काळी गाडीच्या चाकाखाली गेली तरी तशीच. हमाल, भाजीवाल्या, धुणंवाल्या, ज्यांना पैसा साठवायचा तर उशीखाली साठवावा लागतो, त्यांनी काळ्या वेचून वेचून ठेवल्या. त्यामुळं आता खिडकीवर सगळ्यांत जास्त मार बसत होता तो गरिबांच्या खालच्या आळीला.

कचेरीचंही अगदीच चुकलं नव्हतं. मध्यंतरी एकानं खऱ्या लाल खापरीवर माती दाबून साचा केला आणि पावाच्या भट्टीत खोट्या खापऱ्या भाजल्या. ओली माती खऱ्या खापरीएवढी, म्हणजे वाळून भाजून ती लहानच होणार. तो त्यावरूनच सापडला. तेव्हापासून कचेरीनं एक वाक्य पाठ केलं होतं, लहान ती खोटी. लढाई संपली, नवी नाणी आली, जुन्या खापऱ्या बदलून द्यायची वेळ आली, तसं त्यांनी त्या वाक्याची पितळी पट्टी करून घेतली.

नणंदेला पाण्यात भिजवलेला पाव देऊन साचेवाली तशीच कारखान्यात गेली. मुकादम भट्टीच्या भिंतीला माती लिंपत होता. तिनं खिडकीवरचं सगळं सांगितलं. तो आधी इकडंतिकडं बघून मग बोलला.

"तू गप बस."

"गप बसून काय होतंय?"

"काही होत नाही, तेच तर म्हणतोय. तू बोललीस तर विचारतील, परवानगी कोणी दिली? आठ हजार मापात न बसणाऱ्या खापऱ्या बाजारात सोडल्या कोणी? त्या पावभट्टीवाल्याचं काय झालं, विसरलीस? अजून आत आहे तो."

"त्यानं खोट्या केल्या. मी खऱ्या केल्या."

"हे तू त्या भोकाला पटवणार?"

"मुकादम, तुम्ही त्या दिवशी असता तर तुम्हीपण तिथंच लावल्या असत्या."

मुकादमाची थापी भिंतीवरच थांबली. त्या दिवशी त्याला बसायच्या जागी गळू झालं होतं आणि तो घरी पालथा पडून होता. हजेरीच्या वहीत मात्र तो भट्टीवर हजर होता. हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं, कारण मुकादम तसा वाईट माणूस नव्हता.

"वर्ष-दीड वर्षात तुझं वय होईल," तो हळू बोलला. "साच्यावर बसल्या बसल्या निघून जाशील. कशाला हात पोळून घेतेस? तुझ्या घरात काळ्या आहेत किती?"

"माझ्या घरात एक नाही. मी मिळेल तसा पैसा खर्च करते."

"मग?"

"मग काय मग? दोन वर्षं लोक माझ्या हातची वस्तू उशीखाली घेऊन झोपले, आणि आता तिला खोटी म्हणतायत. तुमच्या भिंतीला कोणी शेण म्हटलं तर ऐकून घ्याल?"

"मी घेईन," मुकादम म्हणाला. "मला पोरीचं लग्न करायचंय."

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यानं चाकूच्या धारेवरून अंगठा फिरवला. "तू मला विचारतेयस की सांगतेयस?"

"सांगतेय."

"मग चहा टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नणंदेला घेऊन कचेरीवर गेली. रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत आली होती. नळवाले, हमाल, अंडीवाली, कोळशाच्या गाडीवाले. प्रत्येकाच्या हातात काही ना काही, मोजा, उशीची खोळ, मुलाचा बूट. वरून थोड्या थोड्या वेळानं हातोड्याचा आवाज येत होता. आवाज आला की रांगेतलं कोणी तरी शिवी द्यायचं, शांतपणे, हवा किती आहे हे सांगावं तसं.

ती रांग सोडून सरळ वर निघाली.

"ओ बाई, आम्ही काय इथं शोभेला उभेत?" एक हमाल म्हणाला.

"तुझ्या पोटलीत काळ्या किती?"

"निम्म्या."

"मग बाजूला हो आणि मागून ये. बघायला माणूस हवं."

खिडकीत कारकून होता, त्याच्यापुढं पितळी पट्टी, शेजारी हातोडा आणि फुटलेल्या काळ्या तुकड्यांचं घमेलं. तिनं घमेल्यात हात घालून एक तुकडा उचलला, मोडलेली बाजू उजेडात धरली.

"किती बदलायच्यात?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"एकही नाही. या बनवणारी मी आहे."

त्यानं मान वर केली.

"हा तुकडा बघा. आतून कसा आहे? दाट, चकाकतोय. फोडायला तुम्हाला किती घाव घालावे लागले?"

"दोन. कधी तीन," कारकून म्हणाला, आणि मनगट चोळलं. "लाल असती तर एकात गेली असती."

"खोटी किती घावात जाते?"

"खोटी? ती हातानं मोडते."

"मग तुम्ही तीन घाव घालून काय फोडताय?"

कारकुनानं आत बघून साहेबांना हाक मारली. साहेब आले. तरुण, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेले, बोलायला सभ्य. बाई, काय अडचण आहे, म्हणाले.

"अडचण तुमच्या पट्टीची आहे, साहेब. तिला लहान कळतं. लहान का, ते कळत नाही. ती पावभट्टीतली खोटी खापरी असेलच तुमच्याकडं नमुन्याला?"

होती. दोऱ्यानं पुठ्ठ्याला बांधून ठेवलेली, खाली नंबर घातलेला. तिनं दोरा सोडला आणि खापरी कारकुनापुढं धरली.

"जिभेवर ठेवा."

"काय?"

"जीभ काढा. त्यावर ठेवा. खायची नाही."

कारकुनानं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सकाळपासून हातोडा मारून कंटाळलेला माणूस, त्यानं जीभ काढली. खोटी खापरी जिभेला घट्ट चिकटली. त्यानं मान हलवली तरी पडेना, जीभ आत घेता येईना, बोलता येईना. जिन्यावर जे हसू फुटलं ते खाली रस्त्यापर्यंत गेलं. का हसायचं हे न कळता खालचे हसले.

"कच्ची माती पाणी ओढते," साचेवाली म्हणाली. "पावाच्या भट्टीत पाव भाजतो, माती भाजत नाही. आता ओढून काढा आणि ही काळी ठेवा."

काळी जिभेवरून घसरून कारकुनाच्या पुढ्यात पडली. त्यानं पुन्हा ठेवली. पुन्हा घसरली.

"लाल ठेवून बघा. थोडी धरेल, मग सोडेल. म्हणजे साहेब, खोटीपेक्षा लाल खरी, आणि लालपेक्षा काळी खरी. तुम्ही सगळ्यांत खरी फोडताय."

एव्हाना मागं आलेल्या हमालानं, अंडीवालीनं आपापल्या काळ्या जिभेवर ठेवून बघायला सुरुवात केली होती. नणंदेनंही ठेवली. तिच्या तोंडात अडवायला पुरेसे दात नव्हते, खापरी सरळ आत गेली आणि ती खोकायला लागली. हमालानं पाठीत रट्टा घातला, खापरी बाहेर आली.

"पोटात ठेवून चालेल का, साहेब?" नणंद डोळे पुसत म्हणाली. "तिथं भोक नाही."

साहेबांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते गुंड्यांच्या आत ठेवलं. "बाई, तुमचं मला पटतंय," ते म्हणाले. "पण मला वर कागद पाठवावा लागतो. कागदात जीभ कशी लिहू?"

"मग तराजू लिहा."

तराजू खाली वाण्याच्या दुकानातून आला. एका पारड्यात दहा लाल, दुसऱ्यात दहा काळ्या. काळ्यांचं पारडं जरासं खाली गेलं. साहेब वाकून बघत राहिले.

"लहान असून जड?"

"दोन्हींत माती सारखीच. लालचे टवके उडालेत, काळीचा कण गेलेला नाही. आता ती खोटी ठेवा लालपुढं. ती लहान साच्यातली, तिच्यात मातीच कमी."

खोटीपुढं लाल खाली गेली. साहेबांनी स्वतःच्या हातानं दोनदा करून बघितलं. मग सरळ उभे राहून त्यांनी नेमका तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी तिनं रात्री पातेलं घासता घासता उत्तर जुळवून ठेवलं होतं आणि आता ते सगळं विसरली होती.

"माती तीच, साचा तोच, तर मग या लहान झाल्या कशा? कोणी तरी हे लिहून द्यायला पाहिजे."

जिन्याच्या वळणावर मुकादम उभा होता. कधी आला कोणाला कळलं नाही. तो छताकडं बघत होता.

"मी केल्या लहान," साचेवाली म्हणाली. "भट्टी भरली होती. तुमच्याच कचेरीला घाई होती. मी आगीच्या तोंडाशी लावल्या, तिथं लावायच्या नसतात. जास्त भाजल्या, जास्त आकसल्या. मला लहान दिसल्या होत्या. मी दगडावर वाजवल्या आणि जाऊ दिल्या."

"कोणाला विचारून?"

"कोणाला नाही."

"मुकादम नव्हता तिथं?"

मुकादमानं छत सोडून आपल्या पायांकडं बघायला सुरुवात केली. ती म्हणाली, "माझं मी सांगितलं, साहेब. दुसऱ्याचं दुसऱ्याला विचारा."

साहेबांनी विचारलं नाही. ते आत गेले, कागद घेतला, बराच वेळ लिहीत बसले. मग तो कागद खिडकीतून तिच्यापुढं सरकवला आणि खाली बोट ठेवलं, इथं सही.

ती वाचायला लागली. तिला वाचायला वेळ लागतो, अक्षर अक्षर ओठ हलवून वाचते. रांग थांबली होती. चौथ्या ओळीवर तिचे ओठ थांबले.

"हे काय लिहिलंय? निष्काळजीपणानं?"

"बाई, तसं लिहावं लागतं. त्याशिवाय कारण पूर्ण होत नाही."

"खोडा."

"त्यानं तुम्हाला फार काही होणार नाही. दंड तर मी टाळतोच आहे."

"दंड घ्या. हा शब्द खोडा." तिनं टाक खाली ठेवला. "आठ हजार खापऱ्या मी एकेक करून दगडावर टाकल्या. संध्याकाळी कानात शिटी वाजत होती. निष्काळजी माणूस काय करतो ठाऊक आहे? लहान दिसल्या म्हणून अख्खी रास ढिगावर ओततो आणि घरी जाऊन झोपतो. मी घाई केली, लिहा. परवानगी घेतली नाही, लिहा. जागा चुकीची निवडली, ते तर दोनदा लिहा. पण काळजी केली नाही असं लिहिलंत तर मी सही करणार नाही."

"सही नाही तर कागद नाही. कागद नाही तर या खापऱ्या—" साहेबांनी घमेल्याकडं बघितलं.

नणंदेनं तिचा कोपर धरला. "वहिनी, कर गं सही. एका शब्दानं काय अंगाला भोकं पडतात?"

"वन्सं, यात तुमचे दात अडकलेत हे ठाऊक आहे मला."

"दातांचं जाऊ दे. बाकीच्यांचं बघ."

हे ऐकून साचेवालीचा चेहरा थोडा उतरला. तिनं मागं वळून जिन्यावरच्या मोज्यांकडं, खोळींकडं बघितलं. मग तो हमाल म्हणाला, "आम्हाला घाई नाही, साहेब. माल उतरवायची गाडी दुपारची आहे." अंडीवाली जिन्याच्या पायरीवर बसली आणि टोपली मांडीवर घेतली. तिच्या शेजारी आणखी दोघं बसले. रांग म्हणून जे उभं होतं ते हळूहळू सगळं खाली बसलं, मुक्काम केल्यासारखं.

साहेब त्या बसलेल्या जिन्याकडं बघत राहिले. जिना उतरायचा तर आता त्यांना या सगळ्यांच्या डोक्यावरून जावं लागलं असतं. त्यांनी टाक उचलला, शब्दावर एक रेघ मारली, मग त्या रेघेवर दुसरी. वर बारीक अक्षरात लिहिलं, जागेअभावी. कागद पुन्हा सरकवला.

तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचला. अख्खा. मग साच्याचा दांडा ओढतात तसा जोर लावून सही केली. टाकाचं टोक वाकलं.

दुपारपासून पट्टी नुसत्या लाल खापऱ्यांना राहिली. काळीवर पाण्याचा थेंब टाकून बघायचा, थेंब तसाच राहिला तर नाणं द्यायचं, असं ठरलं. साहेब आत गेले की कारकून थेंबाच्या भानगडीत न पडता जीभच लावायचा, लवकर होतं म्हणून. फोडलेल्यांचं काही झालं नाही, त्या गेल्या त्या गेल्याच. नणंदेला तिची नवी नाणी मिळाली. ती मोजायला सुद्धा थांबली नाही, थेट दातवाल्याकडं गेली.

दोन दिवसांनी सकाळी साचेवाली कामावर आली, तेव्हा तिच्या साच्यावर दुसरी बाई बसली होती. मुकादम हातात चिठ्ठी घेऊन उभा होता. मालकांची चिठ्ठी. कचेरीचा कागद कारखान्यातही आला होता.

"तुला चिखल तुडवायला घातलंय," मुकादम म्हणाला. "खड्ड्यात. पगार तिथला."

"तिथला किती?"

त्यानं सांगितला. ती ऐकत होती आणि तिकडं नव्या बाईच्या हाताकडं बघत होती. बाई कोन्याची कौलं दाबत होती आणि सोडवताना कड मुरडत होती.

"राख जास्त लाव," तिनं ओरडून सांगितलं. "आणि अंगठ्यानं ढकलू नकोस, तळव्यानं."

"मी बोललो होतो त्यांच्याशी," मुकादम म्हणाला. "म्हटलं, वय झालंय, पायांना सोसणार नाही."

"माझं वय तुम्ही सांगायला गेलात?" ती म्हणाली. "एवढी जीभ होती तर परवा जिन्यावर काढायची. निदान खापरी तरी ठेवली असती."

मुकादमानं चिठ्ठीची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. ती त्याच्या बाजूनं निघून गेली.

खड्डा कारखान्याच्या मागं, ओढ्याच्या अंगाला. चार माणसं गुडघाभर चिखलात कौलांची माती तुडवत गोल फिरत होती. त्यांनी तिला बघितलं, फिरायचं थांबवलं नाही, फक्त एकानं सरकून जागा केली. तिनं चपला काढून काठावर ठेवल्या, पदर खोचला आणि उतरली. चिखल थंड होता. चार पावलं टाकून ती उभी राहिली, टाचेनं खाली चाचपलं.

"इथं पाणी कमी पडलंय," ती म्हणाली. "कोणी कालवलाय हा? यातनं कौल काढलं तर वाळतानाच चिरेल. दोन घागरी ओता इकडं."

"मुकादमानं एवढंच सांगितलंय," सरकलेला माणूस म्हणाला.

"मुकादमाला भट्टीतलं कळतं. ओता म्हणते ना."

त्यानं घागर आणली आणि ओतली. तिनं पायानं पाणी आत दाबलं आणि त्यांच्या मागोमाग गोल फिरायला लागली.